कुठे शिकलात?

महाराष्ट्रातल्या निदान तीन पिढ्यांची लग्नं बिस्मिल्लाखाँसाहेबांनी लावली आहेत. भटजी आपले निमित्ताला. मंगल कार्यालयाच्या कोपऱ्यातल्या खोलीतून आधी तबकडीवर, मग कॅसेटवर आणि आता मॅनेजरच्या मोबाइलवरून त्यांची सनई सकाळी सातला सुरू होते, मंगलाष्टकांपुरती गप्प बसते आणि अक्षता पडल्या की पुन्हा उठते. जिलबी वाढणारा आचारी, रुसलेला मुलाकडचा मामा, चप्पल शोधत फिरणारे काका असे सगळे त्या सुरांखालून ये-जा करत असतात आणि तिकडे लक्ष कोणाचंच नसतं. एवढी वर्षं एवढ्या मराठी माणसांनी एवढं दुर्लक्ष करून ऐकलेला दुसरा कलावंत नसेल.

या माणसाकडे सनईची एकही पदविका नव्हती. २१ मार्च १९१६ला बिहारातल्या डुमरावला जन्म. लहानपणीच काशीला मामांकडे रवानगी. शाळेत मन रमलं नाही. १९३७मध्ये कोलकात्याच्या संगीत परिषदेत वाजवलं आणि देवळाच्या दारातलं, लग्नाच्या मांडवातलं वाद्य बैठकीच्या गादीवर येऊन बसलं. १९४७ला देश स्वतंत्र झाला तेव्हा लाल किल्ल्यावर सनई त्यांची. २००१ला भारतरत्न. मधल्या काळात बनारस हिंदू विद्यापीठानं आणि शांतिनिकेतनच्या विश्वभारतीनं त्यांना डॉक्टरेट देऊन टाकली. म्हणजे फॉर्म नाही, फी नाही, हॉल तिकीट नाही, एकदम पदवीदान समारंभच.

मराठी माणसाला हे जरा जड जातं. आपल्याकडे कोणी चार ओळी बऱ्या गायला की टाळ्यांच्या आधी प्रश्न येतो, ‘कुठे शिकलात?’ या प्रश्नाला गुरूचं नाव हे उत्तर चालतं, क्लासचं चालतं, परीक्षेचं तर धावतं. ‘कुठेच नाही’ हे उत्तर मात्र चालत नाही. ते दिलं की विचारणारा एकतर ‘हो का?’ म्हणून संशयानं बघतो, नाहीतर ‘मग देणगीच आहे हो!’ म्हणून विषय देवाच्या खात्यावर टाकतो. दोन्ही प्रकारांत समोरच्याचे कष्ट बुडाले ते बुडालेच.

आणि आपल्या परीक्षा तरी किती! एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट न दिलेला मराठी मध्यमवर्गीय मुलगा विरळा. स्थिरचित्रात तांब्या, वांगी आणि मागे सुरकुत्या पडलेला कपडा. स्मरणचित्रात पंढरीची वारी, नाहीतर रेल्वे स्टेशन. भूमितीच्या पेपरात वर्तुळाला स्पर्शिका आणि पालकांच्या जिवाला घोर. या परीक्षेत मला ‘क’ श्रेणी आहे आणि तिचं प्रमाणपत्र आईनं कितीतरी वर्षं मधल्या खोलीत लावून ठेवलं होतं. गाण्यात प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार. स्थळाच्या टिपणात ‘गृहकृत्यदक्ष, मध्यमा’ अशी नोंद असायची आणि लग्नानंतर ती मध्यमा अंगाई गीतापलीकडे कधी कोणाच्या कानांवर पडायची नाही. मी याची टिंगल करत नाही. तांब्याची सावली कुठे पडते एवढं तरी मला त्या परीक्षेमुळे कळतं. पण तेवढ्यावर मला कोणी चित्रकार म्हणालं, तर तांब्याही हसेल.

तर ही सगळी पुण्याची बुद्धी बरोबर घेऊन मी काशीला गेलो होतो.

काशीत दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा हा सगळा भाग मराठी वळणाचा. अठराव्या शतकात गोदाकाठच्या कायगावचे नारायण दीक्षित पाटणकर इथे येऊन राहिले. पेशवे त्यांना गुरुस्थानी मानत, आणि गुरूमागून शिष्य, शिष्यामागून पैसा, पैशामागून घाट अशी बांधकामाची रीत तेव्हा होती. या घाटांच्या वरच्या अंगाला बालाजीचं देऊळ आहे आणि बिस्मिल्लाखाँचं खरं विद्यापीठ ते. मामा अलीबक्ष ‘विलायतू’ देवळात सनई वाजवायचे. भाच्याला त्यांनी रियाजाला बसवलं ते या बालाजीच्या दारात.

यतींद्र मिश्र यांनी खाँसाहेबांवर फार जिव्हाळ्यानं लिहिलं आहे. त्यांनी सांगितलेल्या दोन गोष्टी माझ्या डोक्यातून जात नाहीत. पहिली म्हणजे, हा मुलगा मामांची सनई ऐकत असायचा आणि मामा समेवर आले की दगड उचलून धाडकन जमिनीवर मारायचा. ती त्याची दाद. ‘वाहवा’ म्हणायचं वय नव्हतं, पण सम कुठे आहे हे समजत होतं. दुसरी गोष्ट देवळाच्या वाटेची. बालाजीकडे जायला वाटा बऱ्याच होत्या. हा मुलगा मुद्दाम रसूलनबाई आणि बतूलनबाई या दोघी गाणाऱ्या बहिणींच्या घरावरून जायचा. त्या वाटेवर कधी ठुमरी कानांवर पडायची, कधी टप्पा, कधी दादरा. पुढे नावारूपाला आल्यावर त्यांनी आवर्जून सांगितलं की गाण्याची पहिली ओढ लागली ती या बहिणींमुळे. बहिणींना आपला एक विद्यार्थी रोज खालून जातोय याचा पत्ता असेल असं वाटत नाही. त्यामुळे हजेरीपटाचा प्रश्नच आला नाही.

तिसरी गोष्टही आहे, पण ती शिक्षणात धरायची की खाण्यात हे मला ठरवता येत नाही. कुलसुम नावाच्या बाई कचोऱ्या तळायच्या. कचोरी कढईत पडताना तूप जो आवाज करी, त्यात खाँसाहेबांना आरोह-अवरोह ऐकू यायचे. काशीत आजही सकाळी कचोरीच्या दुकानापुढे उभं राहिलं तर तो आवाज फुकट मिळतो. मी कान देऊन ऐकला. मला फक्त भूक लागली.

आता हा माणूस ‘न शिकलेला’ म्हणायचा का? सनईच्या जिभाळीला नरकटाचं गवत लागतं, ते डुमरावच्या भागात शोण नदीच्या काठी उगवतं. ते कापून, भिजवून, तासून जिभाळी जमवण्यापासून मांडीवरच्या बोटांच्या तालापर्यंत वर्षानुवर्षांचं काम त्या देवळाच्या दारात झालं. आपण ज्याला ‘औपचारिक शिक्षण नाही’ म्हणतो, त्याच्या पोटात बहुतेक वेळा एखाद्या पदवीला लाजवील एवढं शिक्षण असतं. फरक एवढाच की त्याला सुरुवातीची तारीख नसते, शेवटची तर नसतेच. भारतरत्न मिळाल्यावरही फाटकी लुंगी नेसून बसलेल्या खाँसाहेबांना एका शिष्येनं हटकलं, तेव्हा त्यांनी सांगितलं ते असं की लुंगीचं काय, आज फाटली तर उद्या शिवता येईल. देवानं फाटका सूर देऊ नये. ऐंशीच्या पुढचा माणूस अजून सुराची भीक मागतोय, याचा अर्थ त्याच्या मते परीक्षा चालूच होती.

पण परीक्षा म्हटलं की परीक्षक आला. मला काशीत कुतूहल वाटलं ते त्याचं. मुलगा शिकतो कसा हे एक वेळ समजतं, पण त्याला नापास कोण करतं?

याचं थोडंसं उत्तर सोनारपुऱ्यातल्या एका गल्लीत मिळालं. काशीत घरी लग्न निघालं की दाराच्या दोन्ही अंगांच्या भिंती रंगवून घ्यायची जुनी रीत आहे. दारावर गणपती, बाजूला हत्ती, घोडेस्वार, मासे, पोपट, भरलेला कलश, मिश्या पिळलेले दोन द्वारपाल. हल्ली फ्लेक्सवाल्यांनी हे काम बरंच खाल्लं आहे, पण जुन्या गल्ल्यांत अजून एखादं दार असं नटलेलं दिसतं. मी गेलो तेव्हा एक चाळिशीचा माणूस भिंतीवर हत्ती काढत होता. खडूची रेघ नाही, चौकट नाही, मोजमाप नाही. सोंडेपासून सुरुवात करून तो पाठीवरून शेपटीपर्यंत एका दमात आला, कुंचला डब्यात बुडवला आणि चार पाय चार फटकाऱ्यांत उभे केले. माझ्या ‘क’ श्रेणीला घाम फुटला.

मी पुण्याचा प्रश्न हिंदीत विचारला. ‘भइया, कहाँ सीखे?’

तो वळलाही नाही. ‘सीखे कहाँ बाबूजी, देखते-देखते हो गया.’

एवढ्यात समोरच्या ओट्यावर मटार सोलत बसलेल्या आजीबाई बोलल्या. शेंगेवरची नजर त्यांनी उचलल्याचं मला तरी दिसलं नव्हतं. ‘ई हाथी सुतल हौ का?’

हत्ती झोपलाय की काय, असं त्या विचारत होत्या. मी पाहिलं, तर खरंच. अंगापिंडानं हत्ती उत्तम होता, पण डोळा मिटत आल्यासारखा. लग्नघरचा हत्ती जेवणावळीनंतरचा दिसत होता. चित्रकारानं एकदा आजीबाईंकडे पाहिलं, एकदा हत्तीकडे, तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात ढकललं आणि पांढऱ्या रंगाचा एक ठिपका डोळ्यात टेकवला. हत्ती टक्क जागा झाला. आजीबाईंनी पुढची शेंग उचलली. ‘ठीक हौ’ नाही, काही नाही. गल्लीत गप्प बसणं म्हणजेच पास.

आमच्या इंटरमिजिएटच्या परीक्षकानं माझा तांब्या कधी पाहिला, काय वाटलं, का ‘क’ दिला, हे मला आजतागायत कळलेलं नाही. या चित्रकाराला निकाल लगेच कळला, कारणासकट कळला, आणि रंग ओला होता तेव्हाच कळला.

अशी गल्ली हजारोंनी मोठी केली की रामनगरची रामलीला होते. काशीच्या समोर, गंगेच्या पलीकडच्या काठावर काशीनरेशांचा किल्ला आहे, तिथे एकोणिसाव्या शतकात महाराज उदितनारायण सिंह यांच्या काळात ही लीला आजच्या रूपात उभी राहिली. २००८ साली रामलीला युनेस्कोच्या वारसा यादीत गेली, पण रामनगरला त्याचं विशेष कौतुक दिसत नाही. एकतीस दिवस चालते. मंच एक नाही. गावभर अयोध्या, जनकपूर, लंका अशी ठिकाणं ठरलेली आहेत आणि कथा जिथे जाईल तिथे प्रेक्षकांनी चालत जायचं. पंचवटीही आहे, नाशिककरांनी राग मानू नये. माइक नाही, विजेचे दिवे नाहीत. मशाली आणि गॅसबत्त्या. महाराज हत्तीवरून येतात, आणि त्यांच्या संध्येची वेळ झाली की लीला थांबते. रावण असला तरी थांबतो.

यात काम करणारं कोणी नाट्यशाळेतून आलेलं नसतं. राम, लक्ष्मण, भरत, शत्रुघ्न आणि सीता ही पाच ‘स्वरूपं’ म्हणजे आवाज न फुटलेले मुलगे. सीताही मुलगाच. त्यांना दरवर्षी निवडतात, काही आठवडे एकत्र ठेवून संवाद घोकून घेतात, आणि एकदा मुकुट चढला की ते देव. बाकीची कामं कित्येक घराण्यांत वडिलोपार्जित चालत आली आहेत. म्हणजे घरात जन्माला आल्यावर काही मुलांना आडनाव मिळतं, तसं इथे काहींना एखादं पात्र मिळतं. संवाद शिकवायला आणि आठवून द्यायला हातात पोथी घेऊन ‘व्यास’ उभे असतात. रामचरितमानसाचं गायन करणारे रामायणी एका बाजूला गोल करून बसतात. संवाद सुरू व्हायच्या आधी व्यास गर्दीवर ओरडतात, ‘चुप रहो! सावधान!’ आणि एवढा मोठा जमाव खरोखर गप्प बसतो. आपल्याकडे नाटकाआधी ‘कृपया मोबाइल बंद ठेवा’ असं मंजुळ आवाजात सांगतात आणि दुसऱ्या प्रवेशात कोणाची तरी रिंगटोन गायत्री मंत्र म्हणते.

मी धनुर्भंगाच्या दिवशी गेलो होतो. जनकपुरात एवढासा मुलगा, चेहऱ्यावर टिकल्यांचं नक्षीकाम, डोक्यावर त्याला पेलवेल न पेलवेल असा मुकुट. त्यानं धनुष्य उचललं, मोडलं, आणि तोफ कडाडली. माझ्या शेजारचे गृहस्थ दचकलेसुद्धा नाहीत. ते ‘नेमी’ होते, म्हणजे नेमानं रोज येणारे. पांढरं स्वच्छ धोतर, कपाळी चंदन, कानामागे अत्तराचा बोळा, डोळ्यांत दुपारच्या भांगेची शांती, आणि मांडीवर उघडं रामचरितमानस. हातात छोटा टॉर्च. रामायणी गात तशी त्यांची बोटं ओळीवरून पुढे सरकत होती.

मग परशुराम आले. परशुराम म्हटलं की आम्ही ते चिपळूणचे असं धरून चालतो; हे रामनगरचे होते, साठीच्या घरातले, आणि रागावले होते. परशुराम-लक्ष्मण संवादाला तिथे खास गर्दी असते. माइक नसल्यामुळे प्रत्येक शब्द लांबवून, चढ्या सुरात, जवळजवळ हाक मारल्यासारखा बोलावा लागतो. नाट्यशाळेतला अभिनयाचा मास्तर असता तर त्यानं कपाळाला हात लावला असता. चेहऱ्यावर भाव नाहीत, आवाजात चढ-उतार नाही, हात एकाच जागी हलतोय. पहिली दहा मिनिटं मीही मनातल्या मनात गुण कापत होतो. मग ध्यानात आलं, की पार मागे झाडाखाली उभ्या असलेल्या बाईपर्यंत शब्द न् शब्द पोचतोय. परशुराम आणि लक्ष्मण तिच्यासाठी बोलत होते, माझ्यासाठी नाही.

मधेच लक्ष्मण अडला. क्षणभरच. व्यासांचं बोट पोथीवर सरकायच्या आत माझ्या शेजारच्या नेमींचे ओठ ते वाक्य पुटपुटून मोकळे झाले होते. त्यांच्या पलीकडच्या म्हाताऱ्याचेही. मुलानं वाक्य पकडलं, पुढे गेला. नेमींनी माझ्याकडे पाहून मान हलवली आणि म्हणाले, ‘नया लड़का है. दशहरे तक बन जाएगा.’

हे वाक्य मी मनात बरेच दिवस फिरवत होतो. ‘चांगला करतो’ असं ते म्हणाले नाहीत, ‘वाईट करतो’ असंही नाही. तो कधीपर्यंत तयार होईल याचा अदमास त्यांनी दिला, आणि तो होईपर्यंत आपण रोज येऊन बसणार आहोत हे त्यात गृहीतच होतं. अशी माणसं पुढ्यात बसली असतील तर कुणालाही शिकल्यावाचून गत्यंतर नाही.

मला वाटतं, शाळेवाचून कलावंत होतो तो असा. त्यासाठी हात हवा, हौस हवी हे तर झालंच; पण त्याहून आधी एक जाणती गर्दी हवी. तिला मजकूर पाठ हवा, चूक झाली तर तोंडावर सांगायची तिची तयारी हवी आणि उद्याही यायला तिला सवड हवी. आणि तो स्वतः आधी त्या गर्दीत बसलेला हवा. तानसेन व्हायच्या आधी कानसेन. सम ओळखून दगड आपटणारा मुलगा श्रोता म्हणून आधीच पास झाला होता, सनई त्यानं नंतर धरली. एवढ्या पंडितांच्या, शास्त्र्यांच्या या शहरात नाव उरलं ते एका विणकराचं, कबीराचं. त्याचं विद्यापीठही माणसांत उठणं-बसणं हेच होतं.

आपल्याकडेही हेच आढळतं. डहाणूकडच्या जिव्या सोमा मशे या वारली चित्रकाराला पुढे पद्मश्री मिळाली. वारल्यांमध्ये लग्नाचा चौक काढणं हे सवाशिणींचं काम. मशे हा पुरुष त्या बायकांच्या राज्यात शिरला. सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी कागद आणि रंग घेऊन त्या पाड्यांवर गेले, तेव्हा बायकांच्या बरोबरीनं या पुरुषाचा हात त्यांच्या नजरेत भरला. जगभरच्या कलादालनांनी मशेंना नंतर पाहिलं. त्यांची पहिली परीक्षा झाली ती तांदळाच्या पांढऱ्या रंगात बोटं बुडवलेल्या त्या बायकांपुढे, आणि चौकातली एखादी रेघ चुकली तर लग्न अडतं हे ज्यांना ठाऊक आहे, त्या सूट देत नाहीत.

शिकलेल्यांचीही गंमत आहे. दादासाहेब फाळके जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले, बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले. पण ज्या गोष्टीसाठी आपण त्यांना ओळखतो, ती शिकवणारी शाळा तेव्हा देशात नव्हतीच. सिनेमा त्यांनी पुस्तकं वाचून, पडद्यावरची चित्रं पुन्हा पुन्हा पाहून आणि डोळ्यांची दुर्दशा करून घेऊन मिळवला. पुढे कंपनीतल्या भागीदारांना कंटाळून ते कुठे गेले? काशीला. तिथे बसून त्यांनी ‘रंगभूमी’ नावाचं नाटक लिहिलं. ते फारसं चाललं नाही. पण सिनेमा सोडलेल्या माणसाला काशीत गेल्यावर नाटक लिहावंसं वाटलं, यात फाळक्यांचा दोष कमी, काशीच्या हवेचा जास्त.

आता एवढं सगळं गल्लीचं गुणगान केल्यावर दुसरी बाजू सांगितली नाही तर तो लबाडपणा होईल. गल्लीच्या शाळेचं दार सगळ्यांना उघडं नसतं. ज्याचा मामा अलीबक्ष आहे त्याला सनई मिळते. ज्याचा मामा गिरणीत आहे त्यानं काय करायचं? रामनगरचं स्वरूप व्हायला ब्राह्मणाचंच पोर लागतं आणि सीतेच्या कामाला मुलगी चालत नाही. रसूलनबाईंसारख्या बायकांच्या घरावरून जाणाऱ्या मुलाला गाणं मिळालं, पण भल्या घरच्या मुलींना त्या वाटेनं जायची मुभा नव्हती. ही दारं फोडायला दोन मराठी माणसंच निघाली होती. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ला लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढलं, भातखंड्यांनी स्वरलिपीच्या वह्या भरल्या आणि लखनौला कॉलेज उभं केलं. त्या मध्यमा-विशारदच्या परीक्षा, ज्यांची मी वर थट्टा केली, त्यांच्यामुळे कुठलंही घराणं पाठीशी नसलेल्या कारकुनाच्या मुलीच्या हातात तंबोरा आला. हे लहान काम नव्हे. पलुस्करांचे शिष्य ओंकारनाथ ठाकूर १९५०मध्ये काशीतच, हिंदू विद्यापीठाच्या संगीत महाविद्यालयाचे प्रमुख झाले. म्हणजे परीक्षा गल्लीपर्यंत पोचली. आणि लखनौच्या त्या कॉलेजच्या मुशीतले आमचे व्ही. जी. जोग व्हायोलिन घेऊन बिस्मिल्लाखाँच्या शेजारी जुगलबंदीला बसले, तेव्हा कोणाचं शिक्षण औपचारिक आणि कोणाचं नाही, हे ध्वनिमुद्रिका शंभरदा ऐकली तरी सांगता येत नाही. मी प्रयत्न केला आहे.

तेव्हा भांडण शाळेशी नाही. आपल्याकडे घोळ झाला आहे तो निराळाच. शाळा वाढल्या, क्लास वाढले, मंच तर प्रत्येक सोसायटीत आला, आणि या गडबडीत मटार सोलणाऱ्या त्या आजीबाई तेवढ्या नाहीशा झाल्या.

आमच्या सोसायटीत गणपतीत कराओके असतो. चौथ्या मजल्यावरचे एक काका निवृत्त झाल्यापासून गातात. त्यांनी माइक, स्पीकर आणि डोळे मिटायची पद्धत असं सगळं साहित्य जमवलं आहे. गेली काही वर्षं त्यांचा अंतरा मुखड्यापेक्षा अर्ध्या सुरानं वर जातो आणि तिथेच राहायला लागतो. खाली बसलेले आम्ही सगळे ते ऐकतो आणि टाळ्या वाजवतो. ‘काका, प्रोफेशनल वाटता हं!’ असं कोणीतरी म्हणतंच. व्हॉट्सॲपच्या गटावर हात जोडलेली चित्रं आणि फुलं पडतात. काकांचा आवाज खरं म्हणजे गोड आहे. पहिल्याच वर्षी कोणी ‘काका, अंतऱ्यात चढताय’ एवढं म्हणालं असतं, तर आज ते कुठल्या कुठे असते. पण आम्ही सुसंस्कृत माणसं. घरी आल्यावर बोलतो.

काकांना कलावंत व्हायला शिक्षण कमी पडलं असं मी म्हणणार नाही. त्यांना आम्ही कमी पडलो.

तोंडावर सांगायचं म्हणजे चारचौघांत पाणउतारा करायचा, असा याचा अर्थ मुळीच नाही. आजीबाईंनी हत्तीवर टीका केली, हत्तीवाल्यावर केली नाही. नेमींनी त्या मुलाला दसऱ्यापर्यंत मुदत दिली. यात माया आहे, पण ती बिनकष्टाची नाही. वाक्य आठवून द्यायचं तर आधी ते आपल्याला पाठ लागतं. आपल्या टाळ्या स्वस्त झाल्या त्या यामुळेच, की वाजवणाऱ्याला गाणं ठाऊक असण्याची अट राहिली नाही. कोणाला नुसतं ‘छान’ म्हणायला काही लागत नाही. ‘समेला घाई झाली’ म्हणायचं तर सम कुठे होती हे माहीत असावं लागतं.

यंदा जमलं तर रामनगरला जाऊन या. लीला अनंत चतुर्दशीला सुरू होते, म्हणजे इकडे आपण गणपती पोचवतो त्या दिवशी, आणि कोजागिरीपर्यंत चालते. काशीहून नावेनं किंवा पुलावरून जाता येतं. संध्याकाळी पाचच्या आत पोचा. तिकीट नाही. बसायला सतरंजी न्या, चालायला जुन्या चपला घाला, मोबाइल खिशात ठेवा. पदरी थोडी हिंदी असेल तर मानसाची छोटी पोथी बरोबर असू द्या, शेजारचे नेमी ओळ दाखवतात. आणि कोणा मुलाचं वाक्य अडलं तर हसू नका, व्यास आहेत. राज्याभिषेकाची आरती पहाटे उजाडता उजाडता होते. ती पाहायची असेल तर परतीचं आरक्षण दुपारनंतरचं करा.